कल्याणहून जुन्नरला, नाणेघाटाच्या जुन्या वाटेने

जुन्नर बघायचं म्हणजे पुण्याहून गाडी काढायची, शिवनेरी करायचा, लेण्याद्रीचं दर्शन घ्यायचं आणि वेळ उरला तर नाणेघाटाच्या तोंडाशी उभं राहून फोटो काढायचे, असा बहुतेकांचा बेत असतो. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. जुन्नर मोठं झालं ते घाटामुळे. सोपारा-कल्याणच्या बंदरात उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा आणि तिथून पैठणकडे जायचा. लेणी कोरली गेली ती याच व्यापारातून आलेल्या दानावर, आणि किल्ले उभे राहिले ते याच वाटेवर नजर ठेवायला. म्हणून जुन्नर समजून घ्यायचं असेल तर माल जसा गेला तसंच जावं. कल्याणहून निघावं, घाट पायी चढावा आणि शिवनेरी सगळ्यात शेवटी बघावा.

दिवाळीच्या थोडं आधी, भातकापणीच्या दिवसांत, भाच्याला बरोबर घेऊन मी हा बेत तडीस नेला. भाचा कॉलेजात आहे आणि गेलं वर्षभर ब्राह्मी लिपी शिकतोय. त्याच्या वहीत अक्षरांचे तक्ते होते, माझ्या पाठपिशवीत पाणी आणि चिवडा.

गुरुवार : वैशाखरे ते घाटघर

कल्याणहून माळशेजमार्गे जाणाऱ्या एसटीने मुरबाड, टोकावडे करत वैशाखरे गाठलं. गावाच्या थोडं पुढे नाणेघाटाची वाट रस्त्यावरून फुटते. कंडक्टरला आधीच सांगून ठेवलं की बरोबर तिथे उतरवतात.

वाट सुरुवातीला सपाट आहे, सागाच्या आणि ऐनाच्या झाडीतून जाणारी. पाऊस नुकताच गेला होता, ओढ्यांत अजून घोट्याएवढं पाणी होतं. पण ऑक्टोबरचा उकाडा असा होता की अर्ध्या तासात दोघांचेही शर्ट पिळून काढावेत. समोर सतत नानाचा अंगठा, घाटाशेजारचा अंगठ्यासारखा कडा, दिसत राहतो, तो डोळ्यांसमोर ठेवला की वाट चुकत नाही. चढ सुरू झाला की पायांखाली दगडी फरसबंदी यायला लागते. काही दगड मधोमध झिजून गुळगुळीत झालेत. या वाटेची चढण अंगावर येणारी नाही, ती वळणं घेत हळूहळू उंची गाठते. लादलेलं जनावर दमून बसू नये याचा विचार करूनच कोणीतरी ती आखली असणार.

निम्म्या वाटेवर वरून एक आजी आणि तिची सून उतरत आल्या. आजींच्या डोक्यावर फडक्यात बांधलेलं गाठोडं, पायांत साध्या प्लास्टिकच्या चपला. आम्ही धापा टाकत दगडावर बसलेलो. त्या थांबल्या, सुनेने विचारलं, "पाणी हाये का तुमच्याकडं?" म्हणजे आम्हालाच हवं असेल तर द्यायला विचारत होती. आजींची लेक खाली कोकणात दिलेली, ती बाळंत झाली होती, तिच्यासाठी हळिवाचे लाडू घेऊन दोघी निघाल्या होत्या.

"एसटीने नाही जात, आजी?"

"माळशेज फिरून गेलं का दिस मोडतोय, बाबा. हितनं उतारलं का जेवणाच्या येळेला लेकीकडं." मग भाच्याकडे बघून म्हणाल्या, "तू पोरगा, तुला कशाची रं घाई? दम खात खात जा. मामाला म्होरं घाल."

दोन हजार वर्षांपूर्वीची व्यापारी वाट असं आपण पाटीवर वाचतो आणि ती बंद पडली असं मनाशी धरून चालतो. ती बंद पडलेली नाही. माल जाणं थांबलं एवढंच, माणसं अजून जातात-येतात.

घाटमाथ्याच्या जरा खाली पाण्याची टाकी आणि लेणं लागतं. आता त्याला जाळी आहे. आत डाव्या आणि उजव्या भिंतीवर सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, भिंतभर पसरलेला, प्राकृत भाषेत. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि यम, वरुण, कुबेर, वासव या लोकपालांना वंदन, आणि मग यज्ञांची यादी. अश्वमेध, राजसूय, आणि प्रत्येक यज्ञात किती गाई, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापणे (त्या काळची नाणी) दिली त्याचे आकडे. आकडे हीच या लेखाची मोठी ओळख. आपल्या अंकचिन्हांची फार जुनी रूपं इथे कोरलेली आहेत.

समोरच्या भिंतीवर कधीकाळी राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता पुतळे गेलेत, पायांच्या खुणा आणि डोक्यावरची नावं उरली आहेत. भाच्याने वही काढली आणि जाळीला नाक लावून एक एक अक्षर जुळवायला सुरुवात केली. "रा... या... सि... मु... क." इथे तो थांबला. वहीत बघितलं. पुन्हा भिंतीकडे. "सा... त... वा... ह... नो." मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "मामा, सिमुक सातवाहन. नाव लिहिलंय त्याचं." पुढचं नाव देवी नायनिका, म्हणजे नागनिकाच, आणि राजा श्री सातकर्णी यांचं एकत्र. मग कुमार भाय, महारठी त्रनकयिरो, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. सगळं वाचून होईपर्यंत ऊन लेण्याच्या तोंडाशी आलं. एका राणीने आपल्या नवऱ्याचं, सासरच्या मूळपुरुषाचं, मुलांचं आणि महारठी घराण्याचं नाव असं येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेसमोर कोरून ठेवलं, तेही राजवाड्यात किंवा देवळात नाही, वाटेवरच्या विसाव्यात. वाटेचं मोल तिला ठाऊक होतं.

लेण्यापासून वर दोन कड्यांमधली अरुंद खिंड. खिंड चढून गेलं की डाव्या हाताला दगडात कोरलेला मोठा रांजण. जकात यात टाकत असत असं सांगतात. रांजणापाशी उभं राहिलं की पाठीमागून कोकणाचा वारा खिंडीतून असा येतो की टोपी हातात धरावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये याच वाऱ्याने धबधब्याचं पाणी उलटं वर फेकलं जातं आणि ते बघायला प्रचंड गर्दी होते. लेणं आणि लेख निवांत बघायचा असेल तर ते दिवस टाळलेलेच बरे.

*जाणाऱ्यांसाठी :* वैशाखऱ्याहून आरामात चढायला तीन तास धरा. सकाळी लवकर निघा, माणशी तीन लिटर पाणी घ्या. टाक्यांतलं पाणी गाळून-उकळूनच प्यावं. पूर्वी ट्रेकर लेण्यात मुक्काम करायचे, चुली पेटवायचे. धुराने लेखाचं नुकसान होतं. मुक्कामाला घाटघरला घरगुती सोय होते, तिथेच जावं.

घाटमाथ्यावरून घाटघर गाव थोड्या अंतरावर आहे. आम्ही पोचलो तेव्हा गाव शेतात होतं. ज्यांच्याकडे उतरायचं होतं त्या बाबांनी बांधावरूनच हात केला, "या, या! घरात पाणी हाये, हातपाय धुवा. आम्ही एवढं तास उरकून येतो." रात्री तांदळाची भाकरी, खेकड्याचं कालवण आणि नव्या इंद्रायणीचा भात. खेकडे सकाळी ओढ्यातून बाबांच्या नातवाने धरून आणले होते. घरातल्या आईंनी नांग्या वाटून त्याचा रस कालवणात घातला होता, त्यामुळे रश्शाला जी चव आली होती ती मी कोकणातही खाल्लेली नाही.

जेवणानंतर ओट्यावर गप्पा निघाल्या हिरड्याच्या. बाबा महादेव कोळी. म्हणाले, "भात खायला, हिरडा बाजाराला." उन्हाळ्यात कोय धरायच्या आत कोवळा बाळहिरडा झाडावरून उतरवायचा, वाळवायचा आणि विकायचा. औषधात जातो. भाव चांगला मिळाला तर वर्षाचा किराणा निघतो, पडला तर पोराच्या शाळेची फी अडते. या डोंगरातून अजूनही काहीतरी बाजाराला जातं आणि त्याच्या भावावर घर चालतं, हे सकाळच्या लेखापेक्षा मला अधिक लागलं.

निजायच्या आधी बाबा म्हणाले, "शिवनेरीला जाणार ना? कोळी चौथरा बघा. लोक बघत न्हाईत, तसंच फुडं जातात."

शुक्रवार : जीवधन, आणि दुपारचा पाऊस

जीवधनला घाटघरच्या बाजूने चढणं त्यातल्या त्यात सोपं. तरी वाटाड्या घ्याच. बाबांचा थोरला मुलगा बरोबर आला. वाट आधी झाडीतून, कारवीच्या दाट जाळीतून, मग कातळात कोरलेल्या पायऱ्यांनी. १८१८ साली इंग्रजांनी या भागातल्या किल्ल्यांच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या. त्या तुटलेल्या पायऱ्यांवर पाय टाकताना हात कुठे धरायचा हे सांगणारा माणूस सोबत हवा.

माथ्यावर जीवाई देवीचं स्थान, पाण्याची टाकी आणि धान्यकोठी. कोठी हे गडावरचं सगळ्यात महत्त्वाचं बांधकाम. आत एकामागोमाग दालनं, मिट्ट काळोख. विजेरी खाली धरली तर जमिनीवर मऊ राखेचा थर दिसतो. १८१८ च्या लढाईत कोठारातलं धान्य जळालं, ती ही राख, असं सांगतात. मी बोटाच्या चिमटीत थोडी घेतली, पुन्हा तिथेच ठेवली. बोटांवर काळपट डाग राहिला.

पश्चिमेच्या टोकाला वानरलिंगी. मूळ कड्यापासून सुटा उभा असलेला तीनशे फुटांहून उंच सुळका. त्याच्या अलीकडे बसलं की खाली नाणेघाटाची खिंड आणि घाटमाथ्याचं पठार उघडं पडतं. कल्याणकडून येणारा प्रत्येक तांडा वर येताना आणि जुन्नरकडे वळताना इथून दिसत असणार. जीवधनचा पश्चिमेचा दरवाजा कल्याण दरवाजा आहे, यात मग नवल वाटत नाही.

भाच्याला मी मूर्तिजा निजामाची गोष्ट सांगितली. निजामशाही बुडाल्यावर त्या घराण्यातला हा लहान मुलगा जीवधनवर कैदेत होता. शहाजीराजांनी त्याला सोडवलं, पेमगिरीला नेऊन तख्तावर बसवलं आणि त्याच्या नावाने कारभार चालवला. भाचा म्हणाला, "मग शिवाजी महाराज तेव्हा कुठे होते?" तीनेक वर्षांचे. कैदेतल्या मुलाला राजा करणारा बाप आणि घरी स्वतःचा एवढासा मुलगा. हा हिशोब मी याआधी कधी मांडून बघितला नव्हता.

दुपारी दोनच्या सुमाराला खाली आलो आणि जेवून ओट्यावर आडवे झालो तोच हरिश्चंद्रगडाच्या बाजूने आभाळ काळं झालं. परतीचा पाऊस या दिवसांत कधीही येतो, पण तो कापलेल्या भातावर आला तर वर्षाची मेहनत जाते. आई ओरडल्या, "आवं, ताडपत्री!" आणि पुढच्या मिनिटाला अख्खं गाव शेताकडे पळत होतं. आम्हीही पळालो. कापून पसरलेल्या लोंब्या कवेत गोळा करायच्या, भारा बांधायचा आणि खळ्यावर नेऊन टाकायचा. कोण कुणाच्या वावरात आहे याचं कुणाला भान नव्हतं. ज्याचं शेत जवळ त्याचं आधी. भाताची पानं हातांना कापतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. आम्ही शेवटचा भारा आणून टाकला आणि ताडपत्रीच्या कडांवर दगड ठेवतोय तोच थेंब पडायला लागले, मोठे, कोमट, मातीत खड्डे पाडणारे. वीज कडाडली तशी पोरं खळ्याशेजारच्या झोपडीत शिरली. तासभर पाऊस कोसळला. थांबला तेव्हा जीवधनच्या कड्यावरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरत होत्या.

चहा पिताना एका शेजारच्या काकूंनी भाच्याच्या ओरखडलेल्या हातांना खोबरेल लावलं आणि म्हणाल्या, "आता तू घाटघरचा झालास."

*जाणाऱ्यांसाठी :* ओल्या कातळावर जीवधन करू नका. पाऊस पडून गेला असेल तर एक दिवस थांबा. कल्याण दरवाजाच्या बाजूची वाट दोरखंडाची सवय असलेल्यांसाठीच आहे.

शनिवार : कुकडेश्वर, चावंड, तुळजा लेणी

घाटघरहून जीपने पूर गावातलं कुकडेश्वर गाठलं. कुकडी नदीचा उगम इथलाच. शिलाहार राजा झंज याने बारा नद्यांच्या उगमाशी बारा शिवालयं बांधली, त्यातलं हे एक, असं परंपरा सांगते. काळ्या दगडातलं बसकं मंदिर, कोरीव दारचौकट, आणि आवारात निवांतपणा. पुजारीकाकांनी फुलं वेचता वेचता समोर हात केला आणि सांगितलं, "हेच पाणी पुढं माणिकडोहच्या धरणात. तिथून खाली द्राक्षं, ऊस, टोमॅटो, सगळं यावर." जुन्नर तालुक्याचा पश्चिम भाग भाताचा आणि हिरड्याचा, पूर्व भाग बागायतीचा, आणि दोन्हींना जोडणारी ही नदी. पावसाळ्यात छप्पर फाटेल इतका पाऊस घेणाऱ्या घाटघरला उन्हाळ्यात मात्र पाण्यासाठी वणवण असते, ही गोष्ट तिथेच उभं राहून ऐकताना फार खुपली.

चावंड जवळच. शिवाजी महाराजांनी याचं नाव प्रसन्नगड ठेवलं होतं. इथल्याही पायऱ्या १८१८ मध्ये उडवलेल्या, पण आता रेलिंग आहे, त्यामुळे बेताच्या दमाचा माणूसही चढू शकतो. अवघड टप्प्यावर एक जुनी तोफेची नळी जमिनीत उभी पुरून ठेवलेली आहे, तिला धरून वर चढायचं. शेकडो हातांनी तिचं तोंड चकचकीत झालंय. दरवाजापाशी कातळात गणपती. वर चामुंडादेवी आणि ओळीने कोरलेली सात टाकी, ज्यांना सप्तमातृका म्हणतात. पाणी काठोकाठ होतं आणि त्यात आभाळ.

निजामशाहीचा बहादूरशहा अगदी तान्हा असताना चावंडवर कैदेत होता. चांदबिबीने त्याच्या हक्कासाठी झगडा केला आणि अहमदनगर मोगलांविरुद्ध लढवलं, ते १५९५-९६ चं साल. काल जीवधन, आज चावंड. पुढे शिवनेरी. एकाच वाटेच्या राखणीला उभ्या असलेल्या या गडांवर एक मूल कैदेत, दुसरं कैदेत, आणि तिसरं जन्माला आलं. चावंडच्या तटावर आम्ही याबद्दल बराच वेळ बोलत बसलो.

दुपारी पाडळीजवळची तुळजा लेणी. इथे कुणीच नव्हतं. आणि इथलं एक लेणं बघण्यासाठी मी पुन्हा कल्याणहून चालत यायला तयार आहे. आपल्याकडचे चैत्य, म्हणजे स्तूप असलेली प्रार्थनेची लेणी, लांबट, पाठीमागे गोलाई असलेले असतात. तुळजा लेण्यातला चैत्य पूर्ण गोल आहे. मध्ये स्तूप, त्याभोवती बारा साधे अष्टकोनी खांब, वर घुमट. नक्षी नाही, मूर्ती नाही. भाचा खांबांमधून स्तूपाला प्रदक्षिणा घालत होता आणि त्याच्या पावलांचा आवाज घुमटात फिरत होता. कार्ल्याची भव्यता इथे नाही, पण भव्यता नसल्यामुळेच माणूस स्तूपाच्या इतका जवळ जातो. शेजारच्या लेण्यात देवीचं ठाणं आहे, त्यामुळे नवरात्रात इथे गर्दी असते, एरवी शांत.

संध्याकाळी जुन्नर शहरात लॉजवर सामान टाकलं आणि मासवडीच्या शोधात निघालो. नाव ऐकून शाकाहारी लोक दचकतात, पण मासवडीत मासा नसतो, आकार तेवढा माशासारखा. जिथे जेवलो त्या खानावळीतल्या मावशींनी स्वयंपाकघरात उभं राहून बघू दिलं. बेसन तिखट-मीठ-हळद घालून पाण्यात घट्ट शिजवायचं, गाठ राहू द्यायची नाही. ओल्या फडक्यावर हातानेच पातळ थापायचं. त्यावर भाजलेलं खोबरं, तीळ, लसूण, कोथिंबीर यांचं सारण पसरायचं, फडक्यानेच गुंडाळी करायची आणि वरून चेपून तिला धार द्यायची. "धार आली पाहिजे, नाहीतर ती नुसती वडी," मावशी म्हणाल्या. मग कापून ताटात, बाजूला काळा तर्रीदार रस्सा आणि बाजरीची भाकरी. वडी आधीच रश्शात बुडवून ठेवायची नाही, खाताना बुडवायची. भाच्याने तिसरी भाकरी मागितली तेव्हा मावशींनी न विचारता रस्साही वाढला.

*जाणाऱ्यांसाठी :* या भागात बिबट्यांचा वावर आहे, माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्रच आहे. उसाच्या कडेने अंधार पडल्यावर चालू नका, मुलांना पुढे-मागे सोडू नका. गावकरी सांगतील ती वेळ पाळा.

रविवार : मानमोडी आणि लेण्याद्री

जुन्नरच्या भोवती दोनशेहून जास्त लेणी आहेत. सगळी एका फेरीत बघायचा हट्ट धरू नये. आम्ही सकाळी मानमोडीच्या डोंगरातला अंबा-अंबिका गट घेतला. इथला चैत्य अर्धवट राहिलेला आहे, पण त्याच्या दर्शनी भागावर लेख दाटीवाटीने कोरलेत. दान देणारे राजे नाहीत, बाजारातली माणसं आहेत. जुन्नरच्या लेखांत धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे, काशाची भांडी घडवणारे अशा श्रेणींचा, म्हणजे व्यावसायिकांच्या संघांचा, उल्लेख येतो. एका लेखात जमिनीचं उत्पन्न करंजाची आणि वडाची झाडं लावण्यासाठी श्रेणीकडे ठेवल्याचं आहे. झाडं लावायला कायमस्वरूपी ठेव, आणि तिचा जाहीर दगडी कागद! याच डोंगरात, भीमाशंकर गटात, शक क्षत्रप राजा नहपानाचा अमात्य अयम याचा ४६ व्या वर्षाचा लेख आहे. म्हणजे सातवाहनांच्या हातून हा मुलूख मधल्या काळात क्षत्रपांकडे गेला होता, त्याचा पुरावा.

मानमोडीच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर लावून जाऊ नका, आवाज करू नका, धूर तर मुळीच नको. मोहोळ दिसलं की मागे फिरायचं, यात कमीपणा नाही.

दुपारनंतर लेण्याद्री. सुमारे तीनशे पायऱ्या, माकडं, डोल्या, प्रसादाची दुकानं. अष्टविनायकातला गिरिजात्मज इथे सातव्या क्रमांकाच्या लेण्यात आहे, जे मुळात भिक्षूंच्या राहण्याचं लेणं. मधे एकही खांब नसलेलं प्रशस्त दालन, बाजूंना खोल्या. दर्शनाची रांग आटोपली की लोक खाली उतरतात, आणि अगदी शेजारचं सहावं लेणं, चैत्य, तसंच राहून जातं. कृपा करून ते चुकवू नका. खांबांवर हत्ती-वाघांच्या जोड्या आहेत आणि दर्शनी भागावर लेख. भाच्याने वही काढली. कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत, त्याने हा चैत्य दान दिला.

कल्याणचा माणूस. आमच्या गावचा. तो याच घाटाने चढून आला असणार, नाहीतर त्याचा पैसा तरी आला असणार. मी तिथे रांगेतून बाहेर पडलेल्या एका कुटुंबाला थांबवून ते अक्षर न अक्षर दाखवलं. त्यांतल्या आजोबांनी चष्मा पुसला, लेखाकडे बघितलं आणि विचारलं, "म्हणजे वर्गणीदाराचं नाव, असंच ना?" अगदी असंच.

*जाणाऱ्यांसाठी :* लेण्याद्रीला पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे. खाण्याची पिशवी हातात घेऊन चढू नका, माकडं हिसकावतात. संकष्टी आणि मंगळवार टाळता आले तर लेणी नीट बघता येतात.

सोमवार : शिवनेरी

मुद्दाम सोमवार ठेवला होता, गर्दी कमी म्हणून. सकाळी लवकर निघालो. पायऱ्यांच्या वाटेने महादरवाजा, पीर दरवाजा, परवानगीचा दरवाजा, हत्ती दरवाजा, शिपाई दरवाजा, फाटक दरवाजा आणि कुलाबकर दरवाजा असे सात दरवाजे ओलांडावे लागतात. मधे मुख्य वाट सोडून शिवाईदेवीचं दर्शन घेतलं. मग अंबरखाना, गंगा-जमुना टाकी, बदामी तलाव, आणि जन्मस्थानाची वास्तू. १९ फेब्रुवारी १६३०. एका शाळेची सहल आली होती. जन्मस्थानापाशी दीडशे पोरं आली, पण चपला काढताना एकही मूल बोललं नाही. बाईंनी काही सांगितलं नव्हतं.

घाटाच्या वाटेने आल्यामुळे शिवनेरी मला या वेळी निराळा दिसला. तटावरून पश्चिमेला चावंड, मागे जीवधनची रेघ, उत्तरेला हडसर आणि लेण्याद्रीचा डोंगर. वाट इथे येऊन पेठेत शिरते आणि तिच्यावर हा शेवटचा पहारा. याच शिवनेरीच्या कातळात बौद्ध लेणी आहेत आणि त्यांतल्या लेखांत इरिल आणि चिट या यवनांची दानं नोंदलेली आहेत, एकाने टाकी दिली, दुसऱ्याने भोजनमंडप. यवन म्हणजे ग्रीक किंवा परदेशी वंशाची माणसं. इथूनच १४९० मध्ये मलिक अहमदने निजामशाही उभी केली, राजधानी नंतर अहमदनगरला गेली. १६५७ मध्ये महाराजांनी जुन्नरवर छापा घालून घोडे आणि तीन लाख होन नेले, म्हणजे पेठेची श्रीमंती तोवर टिकून होती. आणि तरीही गड त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. १६७० च्या दशकात इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर इथे आला तेव्हाही वर मोगल किल्लेदारच होता. शिवनेरी मराठ्यांकडे आला तो १७१६ मध्ये, शाहूमहाराजांच्या काळात. आपण जिथे जन्मलो तो गड आयुष्यभर समोर दिसत राहावा आणि हाती येऊ नये, याची सल काय असेल याचा विचार केल्याशिवाय मला त्या पाळण्यासमोर उभं राहता आलं नाही. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांत शिवनेरीचा समावेश केला. आनंद आहेच. पण त्या यादीतला पाहुणा चावंड आणि तुळजा लेण्यापर्यंत पोचेल अशी सोय व्हायला हवी, कारण एकटा शिवनेरी अर्धीच गोष्ट सांगतो.

कडेलोटाच्या टोकाकडे जाताना कोळी चौथरा विचारत विचारत शोधला. सतराव्या शतकाच्या मध्यावर महादेव कोळ्यांनी मोगलांविरुद्ध बंड केलं, ते मोडून काढल्यावर धरून आणलेल्या कोळ्यांची इथे कत्तल झाली. वर छोटीशी घुमटी आहे. आमच्यामागून आलेले दोन-तीन घोळके न थांबता टोकाकडे गेले, बाबा म्हणाले होते तसेच. भाच्याने फोन काढला आणि बाबांच्या मुलाला फोटो पाठवला. दहा मिनिटांनी उत्तर आलं, बाबांचा आवाज होता, "बरं केलं. आता जपून उतरा. आणि उन्हाळ्यात या, हिरडा उतरवायला माणूस लागतंय."

दुपारी जुन्नर स्टँडवरून माळशेजमार्गे कल्याणची गाडी मिळाली. आमच्यासारखं पायी चढायचं नसेल तर आपटाळेमार्गे गाडी थेट नाणेघाटाच्या तोंडापर्यंत जाते. तरीही सुरुवात तिथूनच करा, लेण्यापर्यंत खाली उतरा, नागनिकेचा लेख बघा आणि मग जुन्नरकडे या. ऑक्टोबर ते जानेवारी हे सगळ्यात चांगले दिवस. घाटघरच्या घरात जेवायचं असेल तर आदल्या दिवशी कळवा, खेकडे सकाळीच धरावे लागतात.